माग बंद झाले आणि ताल सुटला

गावी गेलेल्या मंडळींनो, एवढ्या रात्री उशिरा लिहितोय, माफ करा. जीव थाऱ्यावर नाही.

लग्नसराई संपली म्हणून आपल्या बँडच्या नव्या गाण्यांची कॅसेट भरायला घेतली. मागांचा खडखडाट नको, म्हणून आज कारखान्याला सुट्टी असताना पांडेसऱ्यातल्या आपल्या सरावाच्या खोलीत बसलो.

तर माझी ढोलकी पळतच सुटली!

आपली गाणारी सुमन हसली, "बाबा, नवरदेव पळी गया का?"

पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. मग उमगलं. सराव रोज मागांच्या भिंतीला लागून. माझा हात त्यांच्याच ठेक्यावर चालतो.

सुमन म्हणते, माग चालू असतानाच भरू. पण कॅसेटभर खडखडाट ऐकून लोक काय म्हणतील? की ढोलकी दुसऱ्याला देऊ? खरं सांगा, पण लवकर कळवा.