इसाकचा दहा पायांचा कोळी

आष्टीत आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम पडला तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि माझी छाती चाळीस इंच होती. मी दुष्ट प्रधानाची कामं करी. रंगमंचावरच्या दिव्यांना उजेड अडवायच्या पत्र्याच्या झापा करून द्यायला इसाक पत्रेवाला आला, तेव्हा आमची ओळख झाली. त्याच्या उजव्या पायाला दोन बोटं नव्हती.

“बर्फानं खाल्ली,” तो म्हणे, आणि ऐकणारे हसत.

तरुणपणी मुंबईला जाऊन तो जहाजावर कोळसा टाकायच्या कामाला लागला. जहाज संशोधन करणाऱ्या साहेबांचं. ते गेलं थेट दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात. तिथं इसाक जाळं ओढी, तळाचा चिखल चाळी.

“भाऊ, त्या पान्यात हात घातला की आपला ऱ्हात न्हाई. पन जनावरं मजेत! हितं नखाएवढा किडा, तिथं पंजाएवढा. असं कावून, तेच साहेब धुंडत व्हता.”

एकदा जाळ्यात दहा पायांचा समुद्री कोळी आला. साहेबानं पाय तीनदा मोजले आणि आनंदानं टोपी उडवली. पुढं तसे आणखी सापडले, तेव्हा त्यातला एक स्पिरिटच्या बरणीत घालून त्यानं इसाकला दिला.

बारा वर्षं गावानं त्या बरणीची थट्टा केली. “कोळ्याला आठच पाय असत्यात बे! वरचे दोन कथलाचा डाख देऊन लावले का?” काच धुरकटलेली, आतलं नीट दिसेना. शेवटी शाळेचे राधाकिशन मास्तर म्हणाले, “उद्या सकाळी बाहेर काढून दाखव. दहा भरले तर बरणी शाळेच्या कपाटात ठेवू, तुझ्या नावाच्या चिठ्ठीसकट.”

त्या चिठ्ठीसाठी इसाक धावत माझ्याकडे आला. स्पिरिट उडून गेलं होतं, पाणी घालघालून त्यानं भागवलं होतं. कोळी सडायला लागला होता.

“अरे, मग माझं ने!” मी दिलदारपणे बाटली दिली. दाढीमिशा उतरवायचं स्पिरिट ते. महिनाभर पुन्हा पुन्हा वापरलेलं, दाढी चिकटवायची राळ त्यात विरघळलेली. माझ्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी इसाकची बायको हजराबी मला बोलवायला आली. बरणीत जणू दूध झालं होतं. आतल्या पाण्यात माझी राळ फुटून पांढरी झाली होती. कोळी काढला तर नुसता चिकट. पुसता पुसता दोन पाय फडक्यालाच राहिले, आणि तेवढ्यात मास्तर दारात, मागं गावातली माणसं.

“आठ,” त्यांनी मोजले.

“हे दोन आत्ताच निघाले, गुरुजी. खुदा कसम!” इसाक म्हणाला.

मास्तरांनी बोट हुंगलं. “ही नाटकवाल्यांची राळ. इसाक, चिकटवायचे तर नीट तरी चिकटवायचे.”

मी पुढं झालो. “मास्तर, दोष माझा. शपथेवर सांगतो—”

“परवाच्या खेळात तुळस हातात घेऊन राजाला असंच सांगितलंत. फार छान वठवलं होतंत.”

दारात जमलेले लोक खदखदून हसले. जन्मभर टाळ्या-हशांसाठी जगलो, पण तो हशा अजून कानातून जात नाही.

“एवढा समुद्र पार करून साबूत आलतं,” इसाक म्हणाला. कोळी आणि ते दोन पाय त्यानं पत्र्याच्या डबीत ठेवले, झाकण लावलं आणि सगळीकडून डाख देऊन ते कायमचं बंद केलं.

“आता कुनी मोजू नगा.”