माझं पिस्तूल आणि इतरांचे हात

दुकानदाराने माझ्या नवऱ्याला विचारलं, "या डावखुऱ्या आहेत का?"

मी तिथेच होते. त्याच काउंटरपाशी, नवऱ्याच्या शेजारी, चांगली धडधाकट उभी. मी उजवा हात वर करून काही बोलणार, तोवर नवरा "नो, नो, राइट-हँडेड" म्हणून मोकळाही झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रिस्टलबाहेरच्या त्या दुकानात मी माझ्या पैशांनी, माझ्यासाठी, माझ्या हातात बसेल असं पिस्तूल घ्यायला गेले होते. नवरा सोबत आला होता तो त्या भागात बस जात नाही म्हणून, गाडी चालवायला.

पिस्तूल म्हटलं की आपल्या माणसांचे डोळे मोठे होतात, तेव्हा आधीच सांगून टाकते. दारूगोळ्याचं खरं पिस्तूल इथे सामान्य माणसाला घरी ठेवता येत नाही, आणि मला ते हवंही नव्हतं. माझं एअर पिस्तूल. हवेच्या दाबावर एक छर्रा दहा मीटरवरच्या कागदावर मारायचा, बास. अठरा वर्षांवरच्या कुणालाही ते घेता येतं. फक्त दुकानात समोरासमोर घ्यावं लागतं, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवावं लागतं आणि नेताना पेटीत बंद करून न्यावं लागतं. हे सगळं मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात हातात पुलावाची प्लेट घेऊन इतक्या वेळा सांगितलं की पुलाव गार झाला.

"अगं, घरात गन? सिरियसली? नेबर्सनी कम्प्लेंट केली तर?" एक मैत्रीण म्हणाली.

"तुम्ही आता जरा जपून हं!" दुसरीचा नवरा माझ्या नवऱ्याला म्हणाला, आणि सगळा घोळका खो खो हसला. नवराही हसला. त्या संध्याकाळी हा विनोद तीन वेगवेगळ्या माणसांनी आपापला म्हणून केला. मला पिस्तूल कशाला हवंय, हे मात्र एकानेही मला विचारलं नाही.

कुणी विचारलं नाही म्हणून इथे लिहिते. नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. मैदानावर पालथं पडून रायफल चालवायचे आणि माझा नेम चांगला होता. पुढच्या कँपसाठी निवड झाली, तेव्हा घरच्या मोठ्यांनी आपापसात ठरवलं की आता पुरे, आता अभ्यास. मग इंजिनीअरिंग झालं, लग्न झालं, ब्रिस्टल झालं. विमानांचे भाग करणाऱ्या कंपनीत सुरुवातीची काही वर्षं माझ्या नखांत ग्रीस असायचं. मग बढत्या मिळाल्या आणि ग्रीस गेलं. आता मी दिवसभर मीटिंगांमध्ये दुसऱ्यांनी केलेल्या भागांबद्दल बोलते.

घरी तर एखादी वस्तू निवडायचा किंवा उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरातली किटली नवऱ्याने निवडलेली आहे. गाडी त्याने, सोफा त्याने, माझा फोन त्याने, माझे चालायचे बूटसुद्धा त्यानेच. तो पुण्याचा, त्यातून आयटीतला. काहीही घ्यायचं झालं की एक्सेल उघडतो आणि आठवडेच्या आठवडे रिव्ह्यू वाचतो. वाईट म्हणजे त्याची निवड बहुतेक वेळा बरोबर निघते. माणूस वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. पन्नाशीला टेकल्यावर मला एकच वस्तू अशी हवी होती जी मी निवडेन, मी उघडेन आणि बिघडली तर मीच दुरुस्त करेन. ही काही अवाच्या सवा मागणी नव्हती.

आमचा क्लब दर गुरुवारी एका खेड्यातल्या हॉलमध्ये भरतो. त्याच हॉलमध्ये आदल्या दिवशी योगाचा वर्ग असतो आणि रविवारी जुन्या कपड्यांचा बाजार. सहा महिने मी क्लबचं पिस्तूल वापरत होते. ऑक्टोबरात हिवाळी लीगच्या टीममध्ये एक जागा रिकामी झाली. कॅप्टनबाईंनी सांगितलं की मी आणि एक निवृत्त पोस्टमन, दोघांनी दसऱ्याच्या आठवड्यातल्या गुरुवारी एकेक कार्ड, म्हणजे नेमाचा एकेक कागद, मारायचं. (दसऱ्याचा आठवडा हे माझं, त्यांनी तारीख सांगितली होती.) ज्याचे गुण जास्त, त्याला जागा. अट एकच, पिस्तूल स्वतःचं हवं, कारण क्लबची पिस्तुलं नवशिक्यांसाठी.

पिस्तूल घ्यायचंय असं मी घरी म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी एक्सेल तयार होतं.

नवऱ्याला आवडलं होतं गॅसच्या नळकांड्यावर चालणारं, सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या कमरेला शोभेल असं काळं पिस्तूल. "अगं, फोर पॉइंट सेव्हन स्टार्स आहेत! आणि लुक बघ ना." मी म्हटलं, मला ते कमरेला लावायचं नाहीये. त्याचे दोन्ही भाग रिव्हेट मारून बंद केलेले होते. बिघडलं की फेकून द्यायचं. दुसरं स्प्रिंगवालं, सगळ्यात स्वस्त, पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत ते हातातल्या हातात उसळी मारतं. टिनचे डबे पाडायला ठीक, नेम शिकायला नाही. तिसरं मी शोधलं होतं. जुनं, कुणीतरी वापरलेलं, म्हणूनच परवडणारं. दिसायला ड्रिल मशीनचं भावंड. एक दांडी पूर्ण उघडून मिटवली की आत एका छर्ऱ्यापुरती हवा दाबली जाते. चापाचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो, लाकडी मूठ तासता येते, आतली हवा धरून ठेवणारी सीलं आजही मिळतात आणि सोबतच्या पुस्तिकेत सगळे भाग सुटे करून दाखवलेला आराखडा आहे. तो आराखडा बघून मला जे झालं ते कुठली पैठणी बघूनही कधी झालेलं नाही.

"पण दिसायला किती डल आहे," नवरा म्हणाला.

"तुला नाही घ्यायचंय."

तर त्या दुकानात मी मागितलेलं हे तिसरं पिस्तूल दुकानदाराने पेटीतून काढलं आणि दिलं कुणाच्या हातात? नवऱ्याच्या. नवऱ्याने एक डोळा मिटून ते थेट भिंतीवरच्या घड्याळावर रोखलं. दुकानदाराने दचकून त्याचं मनगट खाली दाबलं आणि नळी कधी कुठे धरायची यावर त्याला चांगलं सुनावलं. दुकानात मला मिळालेलं तेवढंच सुख. मग रजिस्टरमध्ये नाव लिहायची वेळ आली, तर त्याने पुन्हा नवऱ्याकडेच ओळखपत्र मागितलं. मी माझा पासपोर्ट त्याच्या वहीवर ठेवला आणि तो लिहून होईपर्यंत बोट काढलं नाही.

पुढचे दोन आठवडे मी सुखात होते. सँडपेपरने मूठ थोडी थोडी घासून माझ्या तळव्याला बसवली. चापाचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. गॅरेजमध्ये मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी लावून रोज सराव केला. हात स्थिर होत गेला. टीममधली ती जागा मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती, आणि ती मिळेल असं वाटायलाही लागलं होतं.

मग खंडेनवमी आली.

नवऱ्याच्या वडिलांचं पुण्यात छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथली सगळी अवजारं पुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून पूजेला मांडायची. इथे तीच पूजा आम्ही कॉफी टेबलावर करतो. ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली, दोन लॅपटॉप आणि राउटर. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर टेबलाच्या मधोमध माझं पिस्तूल. सुपरमार्केटातली शेवंती वाहिलेली, मुठीवर कुंकवाचं बोट. नवरा कौतुकाने बाजूला उभा. फोटो फॅमिली ग्रुपवर जाऊन त्याला पंधरा-वीस नमस्कारही आले होते. मला खरंच भरून आलं. माझ्या पिस्तुलाला या घरात मान मिळाला, असं वाटलं. मी नमस्कार केला, नंतर कुंकू पुसलं आणि पिस्तूल पेटीत ठेवलं. त्या दोन-तीन दिवसांत कामामुळे सराव झाला नाही.

गुरुवारी हॉल नेहमीसारखा थंडगार होता. माझा पहिला छर्रा कागदाच्या खालच्या कडेला लागला. दुसरा कागदावरच नव्हता. तिसऱ्याला पिस्तुलातून हवेऐवजी एक ओला उसासा निघाला. दांडी पिठात अडकल्यासारखी जड फिरत होती. क्लबातले दोन जुने सभासद लगेच जमले. एकाने "लेट मी हॅव अ लुक, लव्ह" म्हणत ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. दुसऱ्याने नळीला नाक लावलं.

"सन क्रीम?" तो म्हणाला.

मी वास घेतला. सन क्रीम कसलं! रविवारी न्हायच्या आधी आई माझ्या डोक्यावर थापायची ते खोबरेल होतं.

पहिल्याचा खिशातला स्क्रूड्रायव्हर एव्हाना बाहेर आला होता. मी पिस्तूल त्याच्या हातातून परत घेतलं, आणि काही फार गोडीने घेतलं नाही. उरलेलं कार्ड मी त्याच पिस्तुलाने मारून संपवलं, कारण नियम तो नियम. जागा पोस्टमनला मिळाली. माणूस भला आहे, त्याने मला बिस्किटंही दिली. पण त्याच्या कार्डाशी माझ्या नेमाची गाठ पडलीच नव्हती. मी हरले होते ते खोबरेलाला, आणि आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं होतं.

घरी येऊन कोटसुद्धा न काढता विचारलं, "तेल घातलंस त्यात?"

"हो, थोडंसं. बाबा घालायचे ना सगळ्याला." त्याचा चेहरा उजळला. "इथे खोबरेल गोठतं, म्हणून आधी बाटली रेडिएटरवर ठेवून मस्त पातळ करून घेतलं."

"आणि पातळ करून कुठे घातलंस?"

"दांडीच्या सांध्यात. आणि ते पुढे भोक आहे ना, त्यात. म्हटलं आतूनही स्मूद होईल."

"इथे खोबरेल गोठतं हे तुला माहीत होतं. रेडिएटर नसलेल्या हॉलमध्ये त्याचं काय होईल?"

त्याने रेडिएटरकडे बघितलं. मग म्हणाला, "तुला विचारणार होतो गं. पण मग सरप्राइज राहिलं नसतं."

सरप्राइज! या एका शब्दाखाली माझ्या घरात काय काय येऊन पडलं आहे, त्याचा विचार करत मी जिन्यावर बसून राहिले. राग तेलाचा नव्हताच. माझ्या वस्तूला प्रेमानेसुद्धा हात लावायचा तर मला विचारावं, हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं, याचा होता. कुणी द्वेषाने काही केलं तर निदान तोंड भरून शिव्या तरी देता येतात.

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर जुनं बेडशीट अंथरलं, पुस्तिकेतला आराखडा उघडला आणि पहिली खीळ काढायला घेतली. नवरा चष्मा आणि टॅब्लेट घेऊन आला. व्हिडिओ शोधून ठेवला होता.

"दे, मी करतो. माझ्यामुळे झालंय, मीच निस्तरतो."

मला आणखीच संताप आला. त्याला पश्चात्ताप करायलाही माझाच स्क्रूड्रायव्हर हवा होता.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"निदान टॉर्च धरू?"

"लॅम्प आहे."

तो समोरच्या खुर्चीवर बसला. मी दांडी सोडवली, तिच्यामागे पिस्टन ओढून काढला. आत पांढरंशुभ्र खोबरेल थापलं होतं आणि सीलची कड दुमडून चिरडली गेली होती. कान पुसायच्या कापसाच्या काड्यांनी सगळं पुसून काढलं, नवं सील बसवलं, सिलिकॉनचं ग्रीस अगदी नखावर मावेल इतकं लावलं. माझ्या नखांत ते गेलं आणि मी ते तसंच राहू दिलं. मध्येच एक बारीक स्प्रिंग उडाली. नवरा ताडकन उठला. मी नुसतं बघितलं, तो बसला. मी गुडघ्यांवर रांगत फ्रिजखालून ती शोधून काढली. वेळ लागला, पण मला कुठे घाई होती?

सगळं जोडून झाल्यावर दांडी उघडून मिटवली. ती लोण्यासारखी फिरली. टेबलाच्या कडेला टिश्यूचा तुकडा उभा केला आणि छर्रा न घालताच चाप ओढला. कोरडा, खणखणीत आवाज झाला आणि टिश्यू थेट सिंकपर्यंत उडाला.

नवऱ्याने टाळी वाजवली. "बघ, जमलं आपल्याला!"

"आपल्याला नाही. मला."

त्याने टाळीचे हात खाली घेतले.

"बरं. तुला," तो म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

तो गेल्यावर मी आराखडा पुन्हा पहिल्या पानावर आणला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि अख्खं पिस्तूल परत एकदा उघडलं. गरज काहीच नव्हती.