दिवसाचा पंखा

मंदी आमच्याकडे आली ती आधी मोरीत. एरवी हे शिफ्ट सुटली की कंपनीतच गरम पाण्यानं आंघोळ करून यायचे. जेवण कॅंटीनला, मोबाइलही तिथंच चार्ज. चाकणजवळच्या निघोज्यातल्या आमच्या एका खोलीत यायचे ते जवळजवळ झोपायलाच. मग गाड्यांचा खप उतरला आणि कंपनीनं ब्लॉक क्लोजर दिलं, म्हणजे आठवड्यातले निम्मे दिवस लाइन बंद, माणसं घरी, पगाराला कात्री. इतकी वर्षं कंपनी आमच्या घरखर्चाचा केवढा भार उचलत होती, ते मला तेव्हा कळलं.

वर पत्रा, दिवस उन्हाळ्याचे. मी दिवसा पंखा लावत नसे. दुपारी दाराबाहेरच्या सावलीत बसायचं, पदर भिजवून मानेवर घ्यायचा. त्याचं मला काही वाटत नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? आता हे घरी, म्हणजे सकाळपासून पंखा पाचवर. टीव्ही चालू. चहा चार वेळा, त्यामुळे सिलिंडर महिना पुरेना; तो महागलेला, म्हणून आंघोळीचं पाणी हीटरवर. आणि माणूस एका जागी बसेल तर शपथ. कुकरची शिट्टी उघड, धड चालणारा मिक्सर खोल, कपड्यांची दोरी सोडून पुन्हा बांध. हात रिकामे राहिले की यांना घाबरल्यासारखंच होत असावं. मला मात्र वीट आला होता.

आमच्याकडे प्रत्येक खोलीला घरमालकिणीनं वेगळा मीटर बसवलाय आणि युनिटचा भाव ती ठरवते. वरूनच वाढलंय म्हणत तिनं भाव वाढवला होता. त्या महिन्याचं बिल नेहमीच्या दुपटीच्या आसपास आलं. यांनी ठरवूनच टाकलं, मीटर पळतोय. खरा राग कंपनीवर. पण कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी असते आणि मीटर आमच्या दारातच होता. वड्याचं तेल वांग्यावर. सगळी बटणं बंद करून हे त्या मीटरपुढे उभे राहायचे, आकडा हलतो का बघत. ओळीतल्या बाकीच्या भाडेकरूंनाही सांगून झालं. ते मावशीच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

मावशी म्हणजे घरमालकीण, इथल्याच जुन्या घरातली. जमीन कंपन्यांत गेली त्या पैशातून तिनं या खोल्या बांधल्या. तोंडानं तिखट, पण माझ्या बाळंतपणात शेपूची भाजी रोज तिच्याच घरून यायची. ती अंगणात येऊन उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "माज्या मीटरवर इश्वास न्हाई ना तुजा? मग म्हैना भरला की खोली मोकळी कर."

नवी खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, कंपनी चालू आहे का? वर डिपॉझिट. खोली गेली असती तर मुलीला घेऊन मला गावी परभणीला जावं लागलं असतं, आणि हे इथं कुणाच्या तरी खोलीत भाड्यानं कॉट घेऊन राहिले असते. एकदा असं वेगळं झालेलं बिऱ्हाड पुन्हा सहजी एक होत नाही, ते मी ओळीतच पाहिलं होतं.

"मीटर पळायलंय मावशी, मी काय खोटं बोलायलोय?" हे म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी साक्ष द्यावी म्हणून.

मी म्हणाले, "मीटर बरोबर आहे. आधी हे दिवसा घरात नसायचे. आता हे असतात."

एवढंच बोलले. तेही मला नको झालं होतं. पण मावशीनं पुढचं बोलून टाकलं. "ही बया दुपारची पंखा लावत न्हाई कवा. दारात बसती. आमी बगतो की रोज. तुला ठावं न्हाई व्हय?"

यांनी मान खाली घातली. मावशीनं खोली मोकळी करायचं पुन्हा काढलं नाही; खोली राहिली. मावशी जाताना मुलीच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी लाइन बंदच होती. तरी हे शिफ्टच्या वेळेला उठले, चहा घेतला आणि निघाले. कुठे म्हटलं, तर येतो म्हणाले. आले ते शिफ्ट सुटायच्या वेळी, शर्टाला कांद्याचा वास. मग लाइन बंद असली की दर वेळी तेच. चाकणच्या मार्केटात कुठल्या तरी शेडखाली बसत असावेत, किंवा गोणी उचलत असावेत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी बसा, मी पंखा लावते, असं एकदा म्हटलं. "तू लाव की," म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

बिल उतरलं. मावशीनं ओळीत माझं कौतुक केलं आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. खोली वाचवायला मी खरं तेच बोलले होते, परत वेळ आली तर परत बोलेन. पण या माणसाला त्याच्याच घरात मी पाहुणा करून टाकलं.

आता लाइन पूर्ण चालू आहे, ओव्हरटाइमही मिळतो. गुरुवारी सुट्टी असते. जेवण झालं की हे चपला घालतात. मुलगी पाय धरून बसते, बाबा थांबा म्हणते. हे तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, आलोच म्हणतात, आणि ऊन उतरेपर्यंत येत नाहीत.