वीज आल्यावर डाव एक चाल मागे

मोहने गावी माझ्या मामांच्या घरी संगणकावर अर्धवट राहिलेला बुद्धिबळाचा डाव एका शुक्रवारी दुपारी, वीज जाऊन आल्यानंतर, एक चाल मागे गेलेला आढळला. डाव मामा आणि त्यांचा मुलगा तेजस यांच्यातला होता. तेजस आदल्या आठवड्यात माजिवड्याला स्कूटरच्या अपघातात गेला होता.

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. वाचकांनी पाठवलेले असले अनुभव वाचून बाजूला ठेवणं माझ्याकडेच होतं. म्हणून इथे फक्त स्वतः पाहिलेलं आणि पडताळून घेतलेलं लिहितो.

मामी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. घरात बापलेक दोघंच. रोज सकाळी चहाबरोबर प्रत्येकाची एक चाल, मग तेजस ठाण्याला ऑफिसला. मोहन्याला वीज सारखी जाते आणि गेली की डाव पुसला जायचा.

"बाबा, लाईट गेली की तुम्ही नेमके जिंकत असता," तेजस म्हणायचा.

"जिंकतच होतो. तुझा वजीर अडकला होता."

"कुठे अडकलेला? दाखवा ना."

"आता कसा दाखवू? लाईट गेली."

तेजसचं कामच सिस्टिम प्रोग्रामिंगचं. त्याने घरच्या जुन्या मशीनसाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. ती दर काही मिनिटांनी सगळी चालू स्थिती डिस्कवर उतरवते आणि आधीची पुसते. प्लग उपटला तरी चालतं. वीज आली की मशीन नव्याने सुरू होत नाही, थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. बुद्धिबळाचा प्रोग्रामही त्याचाच. त्यात चाल मागे घ्यायची सोय त्याने मुद्दाम ठेवली नाही, कारण मामा हटकून चाली मागे घ्यायचे. "एकदा खेळलात की खेळलात. रडायचं नाही," असं त्याने बापाला बजावलं होतं. मामा ही गोष्ट शेजाऱ्यांना हसत सांगायचे.

शेवटच्या सकाळी तेजसने मामांचा घोडा मारला. मामांनी हत्ती पुढे काढला. तेजस हेल्मेट घालता घालता पडद्याकडे बघून म्हणाला, "आल्यावर बघतो तुमच्याकडे." पडद्यावर 'पांढऱ्याची चाल', म्हणजे तेजसची, असं राहिलं. मामांनी मशीन बंद केलं नाही.

त्या शुक्रवारी मी तिथेच होतो. वीज आली तेव्हा हत्ती परत कोपऱ्यात होता. मामांना वाटलं, आपलंच चुकलं असेल. त्यांनी तो पुन्हा पुढे काढला. पुढच्या वेळी वीज गेली आणि आली, तेव्हा हत्ती कोपऱ्यात होताच, शिवाय तेजसने मारलेला घोडा पटावर उभा होता.

"मामा, तेजसची चाल आपल्याला माहीत आहे," मी म्हणालो. "मी करतो."

"तू केलीस की ती तुझी झाली, विनू."

"मग निदान फोटो काढून ठेवतो."

"फोटो आहे त्याचा. भिंतीवर."

त्यानंतर मामांनी पटाला हात लावला नाही. दर वेळी वीज गेली की एक चाल कमी व्हायची — एकदा मामांची, एकदा तेजसची. मामांचं घराबाहेर पडणं बंद झालं. पंख्याचा वेग जरा कमी झाला तरी ते खुर्चीतून उठायचे. मी इन्व्हर्टर घेऊन दिला. पावसाळ्यात वीज इतका वेळ जायची की तोही बसायचा.

तेजसच्या ऑफिसातली सायली ही सिस्टिम त्याच्याइतकीच ओळखते. तिने डिस्क तपासली. प्रोग्राम फक्त सध्याचा पट ठेवतो. आधीच्या चाली कुठेच साठवत नाही. मागे जायला त्याच्याकडे काही नाही. तिने डिस्कची कॉपी ठाण्याला आपल्या मशीनवर चालवली, पुन्हा पुन्हा प्लग उपटला. पट जसाच्या तसा आला. मग मामांना कसंबसं तयार करून मूळ मशीन तिच्याकडे नेलं. सुरू केलं... एक चाल कमी. हे मी समोर बसून पाहिलं.

मशीन परत आणलं तेव्हा मामांनी तिला विचारलं, "यात तो आहे का, एवढंच सांग."

"नाही हो काका. यात फक्त पट आहे."

"मग मागे कोण नेतंय?"

सायलीने प्लग नीट बसवला. मग म्हणाली, "काका, माझ्याकडची कॉपी ठेवा ना. ती हलत नाही."

"हलत नाही, म्हणूनच नको."

सायली कॉपी परत घेऊन गेली.

दिवाळीपर्यंत पटावर तेजसची एकच चाल उरली होती — राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. मामा त्या प्याद्यासमोर बसून जेवायचे. मग तेही मागे गेलं. सगळी मोहरी आपापल्या जागी उभी राहिली. आता जाण्यासारखं काही उरलं नाही, असं मी मामांना म्हणालो.

मागच्या शुक्रवारी दुपारी मी मोहन्यालाच होतो. वीज गेली. काही वेळाने इन्व्हर्टरही बसला. वीज आली तेव्हा पडद्यावर पट नव्हता. नवा डाव मांडताना हा प्रोग्राम जो प्रश्न विचारतो, तेवढाच होता: पांढरी मोहरी कोणाची?

मामांनी खुर्ची पुढे ओढली. कीबोर्डवर बोटं ठेवली आणि काढून घेतली.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा वीज होती. मशीन चालू होतं. प्रश्नापुढे नावाची जागा रिकामी होती.