शिशाचे घोडेस्वार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही निवांत बसलात म्हणून सांगतो. ऐकून थुंकावंसं वाटलं तर थुंका.

लातुरात माझे फिजिक्सचे क्लासेस आहेत. केबिनमध्ये काचेचं कपाट, त्यात शिशाचे जुने खेळण्यातले सैनिक. पुण्याकडचे हौशी लोक येतात, भिंग लावून रंग बघतात, ‘काय जपलंय हो!’ म्हणतात. अंगठ्याएवढ्या बाहुल्यांपुढं श्वास रोखणारी ही टक्कल पडलेली माणसं — आणि त्यांच्यातला सगळ्यात भिकार मी. वरच्या फळीवरचे लाल कोटातले घोडेस्वार कुठले, असं विचारलं की मी सांगतो, हैदराबादच्या जुन्या बाजारातले.

साफ खोटं.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडात साधा मास्तर होतो. पावाची पोती घेऊन आम्ही किल्लारीकडच्या एका गावात गेलो. तिथं रुकय्याबी नावाची बाई पडलेल्या घरापुढं बसली होती. मुलगा ढिगाऱ्याखाली गेलेला, तान्ही पोर मांडीवर.

“दादा, तिथं कोनाड्यात पत्र्याचा डबा हाय,” ती म्हणाली. “सासरे निजामाच्या फौजेत होते, त्यांना गोऱ्या सायबानं दिल्याले शिपाई हायेत त्यात. माझा सलीम त्यांच्यासंगंच खेळायचा. तेवढं काढून द्या.”

मी दगड उपसले. डबा सापडला. झाकण उघडलं आणि — कसं सांगू? त्या गावात, त्या वासात, मला आनंद झाला. असले घोडेस्वार मी फक्त पुस्तकात बघितले होते. डबा पावाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळला, गाडीत टाकला, मग तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

“न्हाई सापडला, भाभी.”

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. “लई सोलले की हो हात तुमचे,” म्हणाली.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. मीही उगवलो. सर झालो, गाडी आली, खोटं बोलताना आवाज भारदस्त झाला. आणि एका जूनमध्ये रुकय्याबी मुलीचा प्रवेश घ्यायला केबिनमध्ये आली. तिनं मला ओळखलं नाही. मी ओळखलं. एका पाहुण्याला दाखवायला कपाट उघडलेलं होतं. ती तिथंच थबकली.

“असलेच होते आमच्या सलीमचे,” असं म्हणून तिनं हात पुढं केला.

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? पाहुणा बघत होता. मी काय म्हणालो, ऐका —

“हात लावू नका. घामानं खराब होतात.”

पाहुण्यानं मान डोलावली. तिनं झटकन हात मागं घेतला, पदराला पुसला.

“चुकलं, सर.”

“असू द्या,” मी म्हणालो. कपाटाला कुलूप लावलं, आणि बाहेरच्या पुढच्या पालकांना आत बोलावलं.