बाबांनी ऐकलेली शिट्टी

भिवंडीजवळ शेलारच्या ट्रॅफिकमध्ये आज माझ्याच गाडीच्या जळक्या क्लचचा वास आला आणि बाबा आठवले.

बारावीचा पहिला पेपर होता. खारबावहून भिवंडीला निघालेल्या आम्हाला सगळेच ओव्हरटेक करत होते.

“बाबा, दाबा ना!” मी ओरडलो.

“कशाला? म्होरं फाटक पडलं हाय,” म्हणत त्यांनी उलट पाय उचलला. गाडी गिअरमध्येच अलगद सरकत राहिली. पुढे गेलेले सगळे रेल्वे फाटकाशी हॉर्न वाजवत उभे होते. आम्ही पोचलो आणि फाटक उघडलं. ब्रेक न लावताच त्यांच्यामागून पार झालो.

पेट्रोल वाचवणारे बाबा तेव्हा मला चिक्कू वाटायचे. खरं तर त्या दिवशी येणाऱ्या मालगाडीची शिट्टी त्यांनी लांबूनच ऐकली होती. आता मी रोज त्या फाटकावरून काच खाली करून जातो. अजून एकदाही शिट्टी वेळेवर ऐकू आलेली नाही.