काळीज रजेवर आहे

अक्काला जाऊन तीन आठवडे झाले आणि हैदराबादच्या डॉक्टरांचा फोन आला. अहवाल तयार आहे, पाठवतो म्हणाले. तो मोबाइलवर आला, पण मी उघडला नाही. आधी दादाला बोलावलं. आमचा हा थोरला भाऊ देवणीहून एसटीनं लातूरला पोचेपर्यंत दुपार झाली.

सुमनअक्का माझी मोठी बहीण. तिनं जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आणि नापास झालेल्या पोराला 'ऑक्टोबरला बस' म्हणण्यात तिचा हात कुणी धरला नसता. हृदय थकलं तेव्हा तिला पंप बसवला. तो बसवताना हृदयाच्या टोकाचा नाण्याएवढा तुकडा काढावा लागतो. तो तिनं जपून ठेवायला लावला. डॉक्टर म्हणाले, पंप आता जन्माचा. अक्का म्हणाली, बघू. पेशीत कॅल्शियम शिरलं की ती आकसते. ते परत आवरून घेणारं प्रथिन थकलेल्या हृदयात कमी पडतं, मग पेशी धड सैल होत नाही. ती फुगतही जाते. पंपानं ओझं उचललं की ती पुन्हा सैल व्हायला शिकते, असं अक्काचं म्हणणं. आपली शिकली का, हे तिला हवं होतं... म्हणून मेल्यावर दुसरा तुकडा काढून पहिल्याशी ताडून बघा, असं तिनं लिहून दिलं.

दादा भडकला. "बाईचं काळीज चिरून बरणीत ठिवायचं? ही कुठली रीत?"

अक्कानं आवाज चढवला नाही. "पोळ्याच्या आदल्या दिशी तू बैलाचे खांदे मळतूस. सूज उतरली का न्हाई, हात लावून बघतूस ना? मंग माझ्या काळजाला बी कुणी हात लावून बघू दे."

दादा भरल्या ताटावरून उठला आणि पुढं वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मला दोघांचाही राग आला होता.

ती गेली मेंदूतल्या रक्तस्रावानं. दवाखान्यानं घरच्यांची सही मागितली. दादानं कागद बराच वेळ हातात धरला... "बघा म्हणावं खांदा," एवढंच बोलला आणि सही केली. गावाकडं अजून नावं ठेवतात. ठेवोत.

त्या दुपारी मी त्याला अहवाल वाचून दाखवला. पेशी बारीक झालेल्या, ते प्रथिन पुष्कळसं परत आलेलं. पेशींच्या मधले वण मात्र तसेच.

"म्हंजी सूज उतरली?"

"उतरली. वण ऱ्हायलेत."

"वण ऱ्हातेतच," दादा म्हणाला आणि चष्मा काढून रडला.

लोक म्हणतात, सुमनबाई हार्टनं गेल्या. मी प्रत्येकाला तिथल्या तिथं दुरुस्त करते. मला भांडखोर म्हटलं तरी चालेल. तिच्या खोलीत पंपाची वायर लावायच्या प्लगच्या वर, भिंतीवर तिनंच मार्करनं लिहिलंय, 'बटण बंद करू नये. काळीज रजेवर आहे.' परवा रंगारी आला, म्हणाला, ताई, हे पुसू का? मी त्याला तेवढी भिंत सोडायला लावली. रजा संपवून ते कामावर रुजू व्हायला निघालं होतं. तसा कागद आहे माझ्याकडे.